उजव्या कानाची फट

"शिव्या आपो ने शेठ," हिलाल म्हणाला. "दरवाजे में उभे राहून. एकदम जोर से."

जसुभाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. सुरतेचा माणूस शिवी देत नाही, ती त्याच्या तोंडातून चहाच्या वाफेसारखी आपोआप निघते. पण शिवी मागून घेणारं गिऱ्हाईक भागळच्या त्या वाजिंत्रांच्या दुकानात आजवर आलं नव्हतं.

"काका, तमे हेडफोन लेवा आव्या के मार खावा?"

"कान बंध थाय के नहीं, देखना है."

त्याआधी जसुभाईंनी वॉकमनचे नारिंगी स्पंजवाले हेडफोन दाखवून झाले होते, कानात खुपसायच्या गोळ्या दाखवून झाल्या होत्या. स्पंजातून रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती, म्हणून हिलालने ते परत केले. गोळ्या तर त्याला फुटाण्यांसारख्या वाटल्या. शेवटी वरच्या फळीवरून धूळ झटकून निघाले ते हे काळे, जाड गादीचे, कानावर वाटी उपडी घातल्यासारखे. हिलालने ते चढवले आणि मान हलवली.

जसुभाई उंबऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी दिल खोलून सुरुवात केली. रस्त्यावरचे सायकलवाले आपल्यालाच समजून थांबले म्हणतात. एकाने उतरून माफीसुद्धा मागितली. हिलाल मात्र देवळात बसल्यासारखा शांत. मग हेडफोन काढून म्हणाला, "आवाज आला नाही, शेठ. माल चांगला आहे. पण आईपर्यंत नव्हतं जायचं."

"अरे! तो सांभळ्युं केवी रीते?"

"सांभळ्युं नाही. ओठ पाहिले."

लूमच्या खात्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला कान लागत नाहीत. तिथे मागांचा खडखडाट असा की कानाशी ओरडलं तरी शब्द पोचत नाही, म्हणून सगळी बोलणी ओठांवर आणि बोटांवर. हिलाल राहायचा त्या डिंडोलीत एका लग्नात त्याच्याच खात्यातले धुडकू आणि विठ्ठल मांडवाच्या दोन टोकांना बसून, जेवणाच्या तीन पंगती उठेपर्यंत भांडले, आणि मध्ये बसलेल्या भटजींना त्याचा पत्ता नव्हता. एवढंच की नवरदेव, तोही लूमवालाच, मंगलाष्टकं सोडून डावी-उजवीकडे बघत हसत होता.

"पण ऑर्गनचं भोक मोठं आहे," हिलाल म्हणाला. "ही पिन बारीक."

जसुभाईंनी खणात हात घालून एक जाडसर टोपण काढलं. कुठल्याशा जुन्या माइकचं होतं. "आ लगाडी दो. बारीक पिन अंदर, जाडी पिन ऑर्गन में. चालशे. अने जुओ, आ एल लखेलुं छे ते डाबा कान पर, आर जमणा कान पर."

"जमणा," हिलालने घोकलं. "उजवा. उजवाच पाहिजे मला."

ऑर्गन त्याच्याकडे आला तोही असाच आडवाटेने. प्लेगच्या साली अख्खं सुरत गाव सोडून पळालं, तेव्हा लूमच्या मालकाची मुलगीही बडोद्याला मावशीकडे गेली, आणि तिथल्याच एका डॉक्टरशी लग्न करून बसली. तिचा विजेवर चालणारा ऑर्गन बंगल्यात नुसता अडचण. दिवाळीला मालक म्हणाला, "हिलाल, तू गावाकडे पेटी वाजवायचास ना? घेऊन जा." हिलालने तो हातगाडीवरून डिंडोलीला आणला, तेव्हा गल्लीतल्या बायांना वाटलं, कुणाची तरी मयत.

गावाकडे तो खरंच पेटी वाजवायचा. श्रावणात कानबाई, खानदेशातली घरोघरची देवी, बसली की रात्रभर बाया गाणी म्हणायच्या, आणि त्यांच्यामागे पेटीवर हिलाल. कानबाईला माहेरी आणायचं एक गाणं होतं. त्याच्या तिसऱ्या ओळीत सूर एकदम खाली उतरतो, शेताच्या बांधावरून उडी मारावी तसा. तिथे हिलालचं बोट दरवेळी शेजारच्या पट्टीवर पडायचं. आणि गाणाऱ्या पोरींतली एक नेमकी तिथे थांबून फिसकन हसायची. सगळ्यांदेखत म्हणायची, "चुकना भो!" तिच्याशीच त्याचं लग्न झालं. नाव पार्वती. लग्नानंतर भावाचं 'भो' गेलं, आदराचं 'चुकनात' आलं. हसू तेच राहिलं.

सुरतेला आल्यावर तो मागावर आणि ती त्याच खात्यात बॉबिनी भरायला. मुलगी वर्षा झाली, वाढली, नांदायला चलथाणला गेली. तोवर त्या खडखडाटाने पार्वतीचे कान खाऊन टाकले. डॉक्टर म्हणाले, डावा गेलाच. उजव्यात बारीकशी फट उरली आहे, पण तीही हळूहळू बुजणार. कानात घालायचं यंत्र आणलं, तर ते अशी शिट्टी मारी की शेजारच्या पुष्पाबाई आपला कुकर उतरवून बसत आणि त्यांच्याकडे दोन दिवस कच्ची डाळ. शेवटी यंत्र डब्यात गेलं.

गेल्या कानबाईला पार्वती गायला बसली आणि गाणं सोडून भलतीकडे निघाली. आपलं सुटलंय हे तिला कळलंच नाही. कळलं ते समोरच्या बायांचे दाबलेले ओठ बघून. ओठ वाचता येण्याचा हा एक तोटा. ती पाणी प्यायचं निमित्त करून उठली, ती मागे जाऊन बसली. आता पुढच्या रविवारी पुन्हा कानबाई बसायची होती, आणि ती म्हणत होती, "मी रोट भाजसू. गानं म्हनाले बाकीन्या शेतंस." म्हणजे गाणं तिने बाकीच्यांवर सोडलं होतं.

हिलालला एवढंच हवं होतं, की ती फट बुजायच्या आत ते गाणं एकदा तिच्या कानात नीट पडावं. ऑर्गन मोठ्याने लावून पाहिला होता. त्यातून तिला नुसतीच घरघर ऐकू आली, पुष्पाबाईंना मात्र सगळं. त्या दारात येऊन म्हणाल्या होत्या, "हिलालभाऊ, जी ऐकत नही तिन्हासाठे वाजाडतंस, आनि जी ऐकस तिनं डोकं उठाडतंस!"

सुट्टीची दुपार होती. हिलालने ऑर्गन पाटावर मांडला. टोपणात बारीक पिन बसवली, जाड पिन भोकात खट्कन जाईपर्यंत दाबली. पट्टी दाबून पाहिली, ऑर्गन मुका. म्हणजे आवाज आत वळला. मग पार्वतीला समोर बसवून, अंबाड्याच्या वरून, आर उजव्या कानावर आणि एल डाव्यावर, देवाला मुकुट चढवावा तसे हेडफोन चढवले.

"दिसस कसं?" ती म्हणाली.

"इमानना ड्रायव्हरसारखं," त्याने ओठांनी सांगितलं आणि हाताचं विमान उडवून दाखवलं. तिने पदराने तोंड झाकलं.

त्याने गाणं सुरू केलं. आता खोलीत सूर नव्हताच. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची नुसती टकटक, लांबच्या गल्लीत कुणाचा माग चालू असावा तशी. आपण काय वाजवतोय हे वाजवणाऱ्यालाच ठाऊक नाही. पार्वती डोळे ताणून त्याच्या बोटांकडे बघत होती. मागावर धागा कुठे तुटतो ते बघावं, तशी. तिसरी ओळ आली, सूर खाली उतरला, आणि ती फिसकन हसली.

"चुकनात!"

हिलालने पट्टीवरून हात उचलले. "ऐकू उनं?"

"उनं ना. चांगलं उनं."

त्याला राहवेना. तिला कसं ऐकू आलं असेल, ते आपणही एकदा ऐकावं म्हणून त्याने हेडफोन तिच्या डोक्यावरून उतरवून स्वतःच्या डोक्यावर घातले. आर उजव्यावर, एल डाव्यावर. पट्टी दाबली. आवाज फक्त डाव्या वाटीतून आला. उजवी वाटी रिकाम्या मडक्यासारखी गप्प.

माइकचं टोपण. एकाच बाजूचं.

डावा कान तर तिचा केव्हाच गेला होता. तिने हेडफोनमधून काही म्हणजे काही ऐकलं नव्हतं. बोटं पाहिली होती, आणि तो कुठे चुकतो ते तिला आधीपासून पाठ होतं.

"काय व्हयनं?" तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं.

तो ओठ मुद्दाम सावकाश हलवत म्हणाला, "काही नही. मन्हाकडून उलटं बसनं व्हतं." आणि त्याने हेडफोन फिरवून पुन्हा तिच्या डोक्यावर चढवले, एल लिहिलेली वाटी तिच्या उजव्या कानावर आली. आपलं 'चांगलं उनं' खोटं होतं हे पकडलं गेलं, ते पार्वतीला कळलं असावं, कारण ती त्याच्या ओठांकडे बघायचं टाळू लागली.

त्याने आवाजाचं बटण शेवटपर्यंत सरकवलं आणि पहिली पट्टी दाबली.

तिची मान वर झाली, कुणी अंगणातून हाक मारल्यासारखी. पहिल्या ओळीत ती बोटांकडे बघत होती. दुसऱ्या ओळीत तिचे डोळे मिटले. आणि मग ती गाऊ लागली.

गल्लीत ऐकणाऱ्याला वाटलं असेल, पार्वतीला एकटीला गायचं वेड लागलं. ऑर्गन नाही, ढोलकी नाही, नुसता आवाज. किंचित फाटलेला, पण आपल्या वाटेवरून चालणारा. पुष्पाबाई दारात आल्या, तोंड उघडलं आणि तसंच मिटून उंबऱ्यावर टेकल्या. हिलालला स्वतःचं वाजवणं ऐकू येत नव्हतं. त्याला तिचा आवाज ऐकू येत होता, आणि त्यावरून तो बोटं पुढे नेत होता.

तिसरी ओळ आली. बांध आला. बोट खाली उतरलं.

मिटल्या डोळ्यांनी ती फिसकन हसली.

हिलालने ओळ पुन्हा घेतली. बांधाशी आल्यावर बोट आपसूक बरोबर पट्टीकडे निघालं होतं. त्याने ते मुद्दाम शेजारी नेलं. ती पुन्हा हसली. किती वेळा झालं कोण जाणे. पुष्पाबाई उठून गेल्या, ऊन कपाटावरून भिंतीवर चढलं.

मग दिवेलागणीला त्याने ऑर्गनचं बटण बंद केलं आणि पिन उपसून घेतली. पार्वती उठली आणि परातीत पीठ घेऊन मळायला बसली. हेडफोन डोक्यावर तसेच होते. वायर पाठीवरून खाली सुटली होती, आणि ती पुढे रेलली की पिन फरशीवर टिक् करून वाजायची.

काढ, असं हिलालने म्हटलं नाही.