हुईयाच्या दगडाचे पैसे

मित्रांनो, टोकोरोआ गावात होहेपा नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये, डाव्या भिंतीला लागून, मी बरीच वर्षं काढली. मी झाकणाचा डीप फ्रीझर आहे. वरून झाकण उघडायचं आणि आत वाकून सामान काढायचं, त्या जातीचा. पूर्वी पांढरा होतो, आता पिवळट झालो आहे. कडेचं रबर दोन ठिकाणी फाटलं आहे. तरी अजून गार करतो.

माझा जन्म ऑकलंडच्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकमध्ये बसून टोकोरोआच्या दुकानात आलो. होहेपाची बायको हुईया शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मुलीचा, तेरिनाचा, एकविसावा वाढदिवस जवळ आला होता आणि जेवायला सगळं गणगोत येणार होतं. दुकानात मला पाहून होहेपा म्हणाला, "एवढा मोठा कशाला? आपण तिघंच तर आहोत."

"तुझे भाऊ धरलेस का? माझ्या बहिणी धरल्यास का?" हुईया म्हणाली. "आणि तू एकटाच तिघांचं खातोस."

दुकानदार हसला आणि मी त्यांचा झालो.

मित्रांनो, ती माझी भरभराटीची वर्षं. होहेपा लाकडाच्या कारखान्यात होता. पगार झाला की दोघं बाजार करून यायची आणि त्या पैशांतला मोठा वाटा माझ्यात येऊन पडायचा. मेंढीचं मटण, कोंबड्या, शिंपल्या, पावाच्या लाद्या, आइस्क्रीमचे डबे. होहेपाचे भाऊ रानडुक्कर मारून आणत, कुणी धुरी दिलेले मासे आणून देई. कुणाच्या घरी मयत झालं, लग्न निघालं, की आधी माझं झाकण उघडलं जायचं. लोक म्हणत, "हुईयाकडे बघा, तिच्याकडे असणारच." तेव्हा मला माझाच अभिमान वाटायचा. माझ्यावर कुणी बसलेलं मात्र हुईयाला खपत नसे. जिथे अन्न ठेवतात तिथे ढुंगण टेकायचं नाही, असं ती मोठ्या माणसांनाही दरडावून सांगायची.

एका हिवाळ्यात सकाळी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. घालता घालता खाली बसली, ती उठलीच नाही.

तिला तिच्या माहेरच्या मराएवर, म्हणजे गणगोताच्या सामाईक जागेवर, नेलं. तिथल्या सभाघरात तीन दिवस ती सगळ्यांच्या मध्ये होती. माणसं येत होती, रडत होती, जेवत होती. मी तळापर्यंत रिकामा झालो. तिला पुरल्यावर होहेपाने सगळ्यांसमोर उभं राहून शब्द दिला, की तिसऱ्या वर्षीच्या ईस्टरला तो तिच्या कबरीवर दगड उभा करील. होहेपाच्या लोकांत ही मोठी गोष्ट असते. दगड कापडाने झाकून ठेवतात, सगळे जमले की कापड काढतात, मग सगळ्यांना जेवू घालतात. ते झालं की शोक संपला. तोवर माणूस दुःखातून सुटत नाही. होहेपाने बँकेत वेगळं खातं उघडलं आणि तेव्हापासून घरात त्या पैशांना हुईयाचा दगड असंच म्हणू लागले.

नंतर होहेपा एकटा राहिला. पण बाजार तो पूर्वीसारखाच आणायचा, त्याला दुसरा येतच नव्हता. तो दोघांचं रांधायचा आणि दोघांचं खायचा. संध्याकाळी कोपऱ्यावरून तळलेले मासे आणि चिप्स, वर कोल्ड्रिंकची मोठी बाटली. मग माझं झाकण उघडून आइस्क्रीम. डबा हातात घेऊन तो तिथेच उभ्याने खायचा. मी गारच देऊ शकत होतो, मित्रांनो. नको म्हणणं माझ्या हातात नव्हतं.

त्याचं वजन फार वाढलं. गुडघे गेले. साखरेची इंजेक्शनं सुरू झाली. झोपताना श्वासासाठी तोंडाला यंत्र लावावं लागायचं. कारखान्यातले दिवस बुडू लागले, पगार कमी झाला, औषधाचा आणि खाण्याचा खर्च मात्र वाढत गेला. शेवटी डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन करायला सांगितलं. सरकारी दवाखान्यात फुकट होतं, पण नंबर कधी लागेल ते कुणी सांगेना. खाजगीत लगेच होणार होतं आणि त्याला भरपूर पैसे लागणार होते.

तेरिना हॅमिल्टनला नोकरी करायची. ती आली आणि बापाशी गॅरेजमध्येच बोलली.

"मासेमारीची जुनी बोट विकली तर निम्मे येतील," होहेपा म्हणाला.

"आणि बाकीचे?"

 खात्यात पैसे होते ते दोघांनाही ठाऊक होतं.

"पापा," तेरिना म्हणाली, "आईच्या दगडाचे पैसे आहेत. नाही वापरलेस तर दोन दगड लागतील. आणि मला एकाचेही परवडत नाहीत."

"माकेरेला कळलं तर?"

माकेरे म्हणजे हुईयाची थोरली बहीण. तिला तिथे सगळेच टरकून असत.

"मावशीला मी सांगते."

"नको. दगड उभा राहिला की मीच सांगेन."

आणि ऑपरेशन झालं. होहेपाच्या पोटाचा मोठा भाग कापून काढला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की माणूस कमी खाऊ लागला म्हणजे पैसा लगेच उरू लागला. तसं झालं नाही. पहिले काही महिने पैसा वेगळ्याच वाटांनी गेला. गोळ्या, ताकदीची पावडर, हॅमिल्टनला तपासणीला जायचं पेट्रोल, बिनपगारी रजा. कपडे तर बघता बघता ढगळ व्हायचे. एक पँट घेतली की ती अंगाला बसेपर्यंत दुसरी घ्यायची वेळ यायची. पुढे तो शहाणा झाला आणि धर्मादाय दुकानातून जुन्या पँटी आणू लागला. चुकाही झाल्या. सवयीने एकदा त्याने अख्खी मेंढी आणली आणि त्यातले चार घास खाऊन बाकीची शेजारी वाटून टाकली.

मग हळूहळू फरक पडला. पगाराच्या दिवशी चार पिशव्या यायच्या, त्या जागी एक येऊ लागली. कोपऱ्यावरचे मासे बंद झाले, कोल्ड्रिंक बंद झालं. साखरेची इंजेक्शनं सुटली. यंत्र कपाटात गेलं. तो कारखान्यात पूर्ण आठवडा जाऊ लागला. जे पूर्वी माझ्यात यायचं ते आता बँकेत, त्याच खात्यात, परत जाऊ लागलं.

माझं मात्र काम संपलं. मूठभर खिम्याला स्वयंपाकघरातला छोटा फ्रीज पुरत होता. एक दिवस होहेपाने विजेचं बिल पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि प्लग काढला. वास येऊ नये म्हणून झाकणाखाली लाकडाचा ठोकळा लावला. माझ्यावर रंगाचे डबे आले. मी रागावलो नाही. तो पायऱ्या न थांबता चढतो हे मला पावलांवरून कळायचं. पण गप्प पडून राहणं सोपं नसतं.

ईस्टर आला. माकेरे आली. मोठी बाई, मोठा आवाज.

"दगड कुठाय?"

"पुढच्या सुट्टीत करू."

"येशू मेला, उठला, परतसुद्धा आला. तुझा दगड अजून वाटेतच आहे का?"

होहेपा मान खाली घालून उभा राहिला. तेव्हापासून तो जेवणावळी टाळू लागला. या लोकांत ताट भरून घेतलं नाही तर यजमानाला वाईट वाटतं आणि भरलेलं ताट त्याला संपत नव्हतं. माकेरेच्या घरच्या एका लग्नाला मात्र जावंच लागलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, होहेपा चालायला गेलेला असताना दाराशी गाडी लागली. माकेरे आणि तिचा मुलगा टामे. तिने माझ्यावरचे डबे खाली ठेवले, गरम पाण्याने मला आतून बाहेरून पुसलं आणि प्लग लावला. मी गुरगुरलो. किती दिवसांनी! मग दोघं गाडीतून आणून आणून माझ्यात भरू लागली. दोन डुकरं, मेंढ्या, कोंबड्यांच्या पिशव्या.

"आई, काकांना विचारायला नको का?" टामे म्हणाला.

"अशा गोष्टी कुणी विचारतं का रे? गप भर."

इतक्यात होहेपा आला.

"माकेरे, हे काय?"

"मटण."

"ते दिसतंय. एवढं कशाला? कुणाचं लग्न?"

टामे स्वतःच्या बुटांकडे पाहू लागला. माकेरेने हात पुसले आणि तिचा मोठा आवाज एकदम बारीक झाला.

"होहेपा, लपवू नकोस. आम्हाला कळलंय. ही पँट बघ, तुझ्यासारखे दोन मावतील. लग्नात तू चमचाभर खाल्लंस आणि बाकीचं टामेच्या ताटात लोटलंस. हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात खेपा घालतोस. कुठे आहे? पोटात आहे का?"

"काय पोटात?"

"कॅन्सर, मूर्खा!"

होहेपा तिच्याकडे पाहतच राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्यातल्या डुकरांकडे पाहिलं.

"हे माझ्या मयताचं जेवण आहे?"

"वेळेवर धावपळ नको म्हणून," टामे पुटपुटला. "तुम्ही काळजी करू नका काका, सगळं नीट होईल."

"अरे, मी मरत नाहीये."

"सगळे असंच म्हणतात," माकेरे म्हणाली आणि तिने डोळ्यांना फडकं लावलं.

"अगं खरंच नाही. वजनाचं ऑपरेशन केलं. पोट कापून लहान केलं."

माकेरेने माझं झाकण ओढून लावलं आणि ती धप्पकन त्यावरच बसली. अन्नाच्या जागेवर! मी ते मनावर घेतलं नाही. टामेला हसू आवरेना, तो बाहेर जाऊन गाडीला टेकून हसला.

माकेरे मात्र हसली नाही.

"असल्या ऑपरेशनला ढीगभर पैसे लागतात. कुठून आणलेस?"

"बोट विकली."

"ती बोट मी पाहिलीय. तिच्यात बसायला घाबरायचे मी. तिचे कोण एवढे देणार?"

होहेपाने श्वास घेतला. "हुईयाच्या दगडाचे पैसे घेतले."

 माकेरे उठली.

"म्हणजे माझ्या बहिणीचा दगड तू पोटात घातलास?"

"घातला," होहेपा म्हणाला. "मी मेलो तर तिचा दगड कोण उभा करणार, असं मनाला सांगितलं. पण ते काही खरं नाही. खरं म्हणजे मला मरायची भीती वाटली. ती अशी एकाएकी गेली ना, तेव्हापासून वाटत होती."

माकेरेने हातातलं फडकं पिळलं.

"दगडाचे पैसे परत जमलेत. कारागिराला पोचवलेत. दगड तयार आहे. पण लोकांना जेवू घालायचे अजून जमले नाहीत. म्हणून तुला सांगत नव्हतो. लोकांना बोलावून उपाशी कसं पाठवू?"

"आणि हे पैसे कशातून जमवलेस?"

"जे खात नाही त्यातून."

माकेरेने त्याला खालून वरपर्यंत नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. मग हातातलं ओलं फडकं तिने त्याच्या खांद्यावर फटकन मारलं.

"दोन महिने मी तुझ्यासाठी रडतेय! चर्चमध्ये दर रविवारी तुझं नाव घेतात. आता पाद्र्याला काय सांगू?"

"सांग, प्रार्थना फळाला आली."

"तोंड वर करून बोलतोस!" तिने आणखी एक फटका मारला आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडली. होहेपाही रडला. टामे आत आला आणि काही न सुचून विचारता झाला, "आई, मग हे मटण परत न्यायचं का?"

"परत? माणसाच्या नावाने निघालेलं अन्न घरी परत नेतात का? हुईयाचं आहे ते. ऑक्टोबरच्या सुट्टीत दगड उघडायचा. होहेपा, तू हे मटण शिजवायला जमिनीत भट्टी खण. आता वाकता येतं ना?"

"येतं," होहेपा म्हणाला. "बुटाची नाडीसुद्धा बांधता येते."

ऑक्टोबरच्या त्या सुट्टीत मी दुसऱ्यांदा तळापर्यंत रिकामा झालो. मी तिथे नव्हतो, पण दुसऱ्या दिवशी टामे आणि तेरिना गॅरेजमध्ये भांडी धुताना बोलत होती ते ऐकलं. कापड काढलं तेव्हा होहेपाने दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग माकेरे म्हणाली, "झालं रे. आता सोड तिला. जेवायला चल." जेवणाच्या दालनात तिने स्वतः त्याच्यासाठी कपाखालच्या बशीत वाढून आणलं आणि शेजारच्या म्हातारीने आणखी वाढायला पळी उचलली तेव्हा तिची पळी धरली.

आता मी होहेपाकडे नसतो. त्याला माझी गरज नाही, माझं बिलही त्याला नको होतं. मराएच्या स्वयंपाकघरात मला नेऊन ठेवलं आहे. इथे मी पुन्हा भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. होहेपा कधी कधी येतो आणि माझं फाटकं रबर चिकटपट्टीने नीट करून जातो.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी बिनकामाचं पडून असेल. त्याला भंगारात द्यायच्या आधी, ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल का ते बघा. आणि एक विनंती आहे. ओळखीचं माणूस बारीक झालेलं दिसलं तर त्याच्या मागे कुजबुजू नका, त्याच्याजवळ बसा आणि विचारा. ते ताटात थोडंसंच वाढून घेत असेल तर घेऊ द्या. त्याचं पोट भरलं असेल.