बुधाजीने डोक्यावरून आणलेली खुर्ची

थांबा, थांबा, मित्रांनो! बसू नका! माझा मागचा डावा पाय मोडलेला आहे. बसलात तर तुम्हीही पडाल आणि मीही. पण आलाच आहात तर त्या पोत्यावर टेका आणि माझं ऐका. फार दिवसांनी कुणीतरी ऐकायला आलंय!

मी या शाळेची जुनी लाकडी खुर्ची. आपलं गाव कुंभिवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. या मागच्या खोलीत माझ्या शेजारी फुटक्या पाट्या आहेत, एका पायाने अधू झालेला फळ्याचा घोडा आहे आणि चुलीसाठी रचलेली लाकडं आहेत. ती लाकडं रोज मला चिडवतात, "ये बाई ये, तुझाही नंबर लागतोय!" माझ्या पाठीला बुटांचा जोड लटकवलेला दिसतो ना? लष्करी बूट आहेत ते. बारा वर्षं झाली, पण अजून कोरे. त्यांची गोष्ट आणि माझी गोष्ट एकच आहे.

साजगावच्या एका सुताराने मला घडवलं. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. अस्सल सागाची मी! तोपर्यंत आपले गुरुजी चहाच्या खोक्यावर बसून शिकवायचे. मला आणायला त्यांनी चौथीतले दोन मुलगे पाठवले. एक वरच्या आळीतल्या शेतकऱ्याचा सहदेव, दुसरा बौद्धवाडीतला बुधाजी. दोघे एकमेकांचे जिवलग. सहदेवाने मला डोक्यावर घेतलं आणि शंभर पावलांत "मान मोडली रं!" म्हणून खाली ठेवलं. मग बुधाजीने सदरा काढला, त्याची चुंबळ केली आणि मला उलटी करून डोक्यावर घेतली. माझे चारही पाय आभाळाकडे. अशी माझी वरात निघाली!

श्रावणाचे दिवस होते. खाचरं तुडुंब भरलेली. बांध कुठला आणि चिखल कुठला, काही कळत नव्हतं. बुधाजी पुढे चालला. तो पायाच्या अंगठ्याने आधी जमीन चाचपायचा, मगच पाय टेकायचा. मागे वळून न बघता म्हणायचा, "सहदेवा, मी पाय ठेवतो तितंच पाय ठेव. लई शहाणपणा नको."

"तुला रं कसं कळतं कुठं घट्ट हाय ते?"

"पायाला कळतं. तुला चपला घालून काय कळणार?"

वाटेत आंब्याखाली त्यांनी मला टेकवलं. सहदेव लगेच पायावर पाय टाकून बसला. माझ्यावर पहिला बसणारा तोच! "मी मामलेदार!" म्हणाला. मग उठून म्हणाला, "आता तू बस की. कोण बघतंय?"

बुधाजीने मान हलवली. "आदी आय बसंल. ती दर शनवारी शाळा सारवते. तिला एकदा हिच्यावर बसवीन, मग मी."

"तुजी आय? खुर्चीवर? गाव हसंल, येड्या."

"हसू दे. गावाचे दात तरी दिसतील."

मित्रांनो, हे बोलणं आम्हा तिघांनाच ठाऊक. बुधाजीला, सहदेवाला आणि मला. लक्षात ठेवा.

बुधाजीची आई ठकूबाई. बारीक अंगाची, जिभेने तिखट. शनिवारी शाळा सुटली की शेणाची पाटी घेऊन यायची. मला उचलून अंगणात ठेवायची, पदराने पुसायची आणि दटावायची, "बस गं तितं गप. तुला काय, दिवसभर बूड टेकून ऱ्हायाचं. आमाला कुठलं!" मी कितीदा मनात म्हटलं, अगं, बस की दोन घटका! पण ती बसली नाही. तिला कुणी बस म्हटलंही नाही. गुरुजी चांगले होते, पण त्यांनाही ते कधी सुचलं नाही.

पुढे बुधाजी सैन्यात गेला. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तो रजेवर आला आणि थेट शाळेत शिरला. काय त्याचा तो रुबाब! पायात बूट असे चकाकत होते की पोरं त्यांत तोंड बघत होती. गुरुजींना कडक सलाम ठोकून तो म्हणाला, "गुरुजी, एक मागणं हाय. आयला एकदा खुर्चीवर बसवू काय?"

गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं रे."

त्या दिवशी नेमका शनिवार. ठकूबाईचे हात कोपरापर्यंत शेणात. बुधाजीने मला तिच्यासमोर आणून मांडलं. "आये, बस."

"अरं जा! हात शेणानं भरल्यात माजे. नवी कोरी खुर्ची मळंल की."

"नवी? तेरा वर्सं झाली तिला!"

"मला नवीच हाय. पुडल्या रजेला बसंन. हात धुऊन, बरं लुगडं नेसून बसंन. मग तर झालं?"

पोरं हसली, बुधाजी हसला, मीही हसले. पुढची रजा. केवढीशी गोष्ट!

त्याच साली डिसेंबरात लढाई लागली. एके दुपारी पोस्टमनने तार आणली ती शाळेतच, कारण गावात इंग्रजी वाचणारे गुरुजी एकटेच. ते माझ्यावर बसले होते. तार वाचली आणि ते उठून उभे राहिले. मुलांना काहीच न सांगता त्यांनी शाळा सोडली. मग माझ्या पाठीवर हात टेकून ते कितीतरी वेळ तसेच उभे होते.  त्या हाताचं ओझं माझ्या लाकडात अजून आहे.

बुधाजी कसा गेला ते वर्षभराने कळलं. त्याचा सोबती, साताऱ्याकडचा कमळाकर, काठी टेकत हायवेपासून चालत आला. गळ्यात बुटांचा जोड अडकवलेला. शाळेच्या अंगणात सगळं गाव जमलं. गुरुजींनी त्याला माझ्यावर बसवलं. ठकूबाई समोर जमिनीवर बसली.

कमळाकर म्हणाला, "आई, आम्ही आठ जण होतो. पहाटेच्या धुक्यात वाट चुकलो आणि सुरुंग पेरलेल्या रानात शिरलो. एकाचा पाय उडाला तेव्हा कळलं. पुढं मरण, मागं मरण. कुणी जागचं हलंना. तेव्हा बुधाजी खाली बसला आणि बूट सोडायला लागला. मी म्हटलं, काय करतोस? तर म्हणाला, उकरलेली माती पायाला कळते. आम्ही भातवाले हावोत."

कमळाकरने गळ्यातल्या बुटांवर हात ठेवला.

"बूट त्यानं माझ्या गळ्यात टाकले. म्हणाला, नवे मिळालेत, मागं टाकू नको, आयला दाखवायचेत. आणि त्या थंडीत अनवाणी पुढं झाला. संगिनीनं टोचायचं, अंगठ्यानं चाचपायचं, मग पाय टेकायचा. आम्हाला एकच सांगितलं. मी पाय ठेवतो तिथंच पाय ठेवा."

हे ऐकलं आणि गर्दीत उभ्या सहदेवाने तोंडावर टॉवेल दाबला.

"शेवटचा मी होतो. पाय गेलेला गडी माझ्या पाठीवर. रानाची कड दहा पावलांवर राहिली होती. बुधाजी तर पोचलाच होता. पण माझा तोल गेला, आई. मी वाटेबाहेर कलंडत होतो. तो मागं फिरला. मला धरायला त्यानं वाटेबाहेर पाय टाकला. चाचपायला वेळच नव्हता. मला पाठीवरच्या गड्यासकट ढकललं त्यानं पलीकडं, आणि..."

 कमळाकर माझ्यावरून घसरून ठकूबाईच्या पायाशी बसला. "मी पडलो नसतो तर तो आज हितं असता."

ठकूबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या गळ्यातले बूट हळूच काढून घेतले. "थंडी लई व्हती काय रं?" तिने विचारलं. "अनवानी व्हता म्हन्तोस." एवढंच! तिने दुसरं काही विचारलं नाही.

त्या सव्वीस जानेवारीला मोठा समारंभ झाला. मला झेंड्याजवळ पहिल्या ओळीत मांडलं. ठकूबाई बरं लुगडं नेसून आली होती. हात स्वच्छ धुतलेले. तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, "बसा, बाई." मी श्वास रोखला. पण तिने नुसती मान हलवली. "तो रजेला आला की बसनार व्हते. आता तोच बसंल." आणि तिने बूट माझ्यावर ठेवले. स्वतः बाजूला उभी राहिली, माझ्या पाठीवर हात ठेवून.

तेव्हापासून दर झेंड्याला तसंच. माझ्यावर बूट आणि बाजूला ठकूबाई. पहिली दोनतीन वर्षं लोकांचे डोळे भरून यायचे. मग नुसते वळायचे. मग कुणीतरी कुजबुजलं, "अजून किती वर्सं?" नवी मुलं विचारायची, "ही बाई कोण?" आणि उत्तर द्यायला कुणाला सवड नसायची. दर शनिवारी तीच बाई त्यांची शाळा सारवत होती, हेही कुणाच्या ध्यानात नव्हतं.

सहदेव सरपंच झाला. साजगावकडे कारखाने आले होते. एका पंधरा ऑगस्टला तिथले एक साहेब पाहुणे आले आणि खुर्ची कमी पडली. सहदेव घाईघाईने माझ्याजवळ आला.

"मावशे, बूट उचल जरा. पावण्याला बसाया खुर्ची नाय."

"बुधाजीची हाय ती."

"आगं, रिकामीच तर हाय! तू तरी कुठं बसतेस हिच्यावर?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या दिवशी मी आंब्याखालचं सगळं बोलणं भर सभेत सांगितलं असतं. पण खुर्चीला पाय असतात, तोंड नसतं. सहदेवाला तर तोंड होतं, आणि आठवणही होती. मी पाहिलं ना! बूट उचलले गेले तेव्हा त्याने मान फिरवली.

ठकूबाईने बूट पदराखाली घेतले आणि ती वाडीकडे चालती झाली. नंतर ती सारवायला येत राहिली, पण झेंड्याला कधीच आली नाही. पुढे शाळेत लोखंडी खुर्च्या आल्या, आणि मी या खोलीत.

गेल्या श्रावणात ठकूबाईला ताप भरला. छाती वाजू लागली. ओढ्याने साकव नेला होता. गाडी हायवेपासून आत येईना. सकाळी या खोलीचं दार धाडकन उघडलं. सहदेव! केस विस्कटलेले, अंगावर कांबळं. मला उचलून तो धावतच वाडीवर गेला. दोन बांबू माझ्या हातांखालून बांधले. चौघे जण तयार झाले.

"मावशे, चल. हिच्यावर बस."

ठकूबाईने डोळे उघडले. मला ओळखलं तिने! "अरं, हात धुतले नायत मी," ती पुटपुटली. "मळंल."

"मळू दे गं, मावशे." सहदेवाने तिला दोन्ही हातांवर उचललं. "मळू दे."

अशी ती माझ्यावर बसली. मी गावात आल्याला पंचवीस वर्षं झाल्यावर. वजन ते कितीसं तिचं! बुधाजीच्या चुंबळीवर मी याहून जड असेन. मांडीवर तिने ते बूट घट्ट धरले होते.

तीच खाचरं, तसंच पाणी. सहदेवाने चपला भिरकावल्या आणि बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं. अंगठ्याने चाचपत तो चिखलात उतरला आणि मागच्यांना ओरडून म्हणाला, "मी पाय ठेवतो तितंच पाय ठेवा!"

ठकूबाईने मान वर केली. "कोन बोल्लं रं?"

सहदेव पाऊल चाचपत पुढे सरकला.

"बसले म्हनावं त्याला," ती म्हणाली. "बसले मी."

हायवेला पोचलो तेव्हा टेंपो उभा होता. पण घाई करायचं कारण उरलं नव्हतं. ती ताठ बसली होती, पाठ माझ्या पाठीला लावून, हात बुटांवर. मला उतरवताना सहदेवाचे हात सुटले. मी दगडावर कलले आणि माझा पाय मोडला. ठकूबाईला मात्र बाकीच्यांनी वरच्यावर झेललं.

दहाव्या दिवशी सहदेव एकटाच इथे आला. बूट माझ्या पाठीला अडकवले आणि जमिनीवर बसून राहिला. अंधार पडेपर्यंत. 

आता ऐका, मित्रांनो. येत्या पंधरा ऑगस्टला चुलीवर बुंदी पाडायची आहे आणि लाकडं कमी पडताहेत, हे मी ऐकलंय. जळायला मी भीत नाही. पण त्याआधी एक करून बघा. माझा पाय बसवा. एक खुंटी आणि दोन खिळे, साजगावचा सुतार तासाभरात करील. मग मला झेंड्याजवळ मांडा. हार घालू नका आणि रिकामीही ठेवू नका. रिकाम्या खुर्चीचं काय होतं ते तुम्ही आत्ताच ऐकलंत.

मला मांडून झालं की मागे वळून बघा. भिंतीकडेला कुणीतरी उभं असेल. जिचे हात शेणाने भरलेले असतील, जिला कुणी कधी बस म्हटलं नसेल, अशी कुणीतरी. तिला हात धरून आणा आणि म्हणा, बस.

ती म्हणेल, पुढच्या वेळी बसेन.

ऐकू नका.