फाईलवाल्या मॅडम

मृणाल फ्रिजच्या दारावरच्या टिकल्या नखाने खरवडत होती. एकूण तेवीस टिकल्या होत्या. त्यातल्या सतरा निघाल्या, सहा हट्टाला पेटल्या होत्या. मागे स्टुलावर उभी राहून साडेचार वर्षांची रुचिता कामावर देखरेख करत होती.

"ती नको काढू. ती त्याची नाकातली आहे."

"फ्रिजला नाक कुठंय गं?"

"आहे. आज्जीच बोलली, मासे ठेवले की फ्रिजला वास येतो."

एरवी मृणालला हसू आवरलं नसतं. महेंद्र कामावरून आला की रुचिताचा दिवसभराचा असा सगळा माल त्याच्यापुढे मांडायचा, आणि दोघांनी खो खो हसायचं, हा या घरातला रोजचा कार्यक्रम होता. पण आज साडेनऊ वाजून गेले होते आणि अकराला मॅडम येणार होत्या. महेंद्रची पहिली पाळी होती, म्हणजे तो नसणारच. मृणालने ओलं फडकं खाली टाकलं.

"रुची, इकडे बघ. मॅडमना काय सांगायचं?"

"मी छान आहे. मी दूध पिते. मी शाळेत जाते."

"आणि काय नाही सांगायचं?"

रुचिताने बोटं वर केली. यादी तिला पाठ होती. "पप्पा मॅच बघताना शिवी देतात ते नाही. आज्जी उशीखाली मिश्री लपवते ते नाही. तू माझं चॉकलेट खाल्लंस आणि उंदीर बोललीस ते नाही."

"आणि?"

"आणि पातेल्याचं नाही."

"शाब्बास."

खरी धास्ती त्या पातेल्याचीच होती. मंगळवारी बिल्डिंगमध्ये बोहारीण आली होती. नेमकी त्याच वेळी रुचिताने पावडरचा अख्खा डबा सोफ्यावर पालथा घातला. मृणालच्या सासूबाई, शालनबाई, दाराशी जुन्या साड्यांचा सौदा करत उभ्या होत्या. त्या वळून म्हणाल्या, "थांब, आता हिलाच देते आणि एक पातेलं घेते." आणि दमून घरी आलेली मृणाल बोलून गेली, "द्या, द्या. जाड बुडाचं बघून घ्या."

घरोघरी हेच चालतं. मृणालला तिच्या आईने लहानपणी दहा वेळा तरी भंगारवाल्याला दिलं असेल, आणि प्रत्येक वेळी भंगारवाल्यानेच नको म्हटलं होतं. रुचिताने मात्र प्रकरण नीट समजून घेतलं. केवढं पातेलं? दहा माणसांच्या भाताचं. झाकणासकट? झाकण नाही मिळत. संध्याकाळी खाली उतरताना तिने वॉचमन हरिहरला थांबवून सांगितलं, "काका, माझं एक पातेलं येतं. पण झाकण नाय."

हरिहर पोट धरून हसला. मृणालला मात्र हसणं जमलं नाही.

कारण रुचिता या घरात येऊन सहाच महिने झाले होते. त्याआधी तीन वर्षं कागदपत्रं, तपासण्या, मुलाखती, आणि नुसती वाट बघणं. मग एक दिवस संस्थेतून फोन आला, आणि कोपर स्टेशनजवळच्या या चौथ्या मजल्यावर एक पोरगी दोन्ही हातांनी पाण्याचा ग्लास धरून बसली. आदेश झाला होता, सह्या-शिक्के झाले होते. कायद्याने रुचिता त्यांची होती. पण कायद्याचं म्हणणं मनाला पटेल तर ना! दत्तक घेतलेल्या मुलाला बघायला सहा महिन्यांनी कुणीतरी घरी येतं, हे मृणालला पहिल्यापासून माहीत होतं. तरी फोन आल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. "अगं, रुटीन असतं ते," असं महेंद्र पाच वेळा म्हणाला. मृणालच्या डोळ्यांपुढे एक छापील कागद येई. त्यावर एक रकाना, आणि त्या रकान्यात कुणाच्या तरी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: आई मुलीला बोहारणीला द्यायला तयार.

तिने रुचिताला आंघोळ घातली, पावडर लावली, कपाटातून पिवळा जाळीचा फ्रॉक काढला. चौदा एप्रिलला घेतलेला, एकदाच घातलेला. मग केस विंचरायला बसवलं. मृणाल कल्याणला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. रडणाऱ्या पोराच्या हातात सुई घालताना तिची बोटं कधी हलली नव्हती. आज साधी रिबीन बांधता येईना.

"आई, आज लग्न आहे?"

"नाही गं. मॅडम येणारेत ना."

"त्यांच्याकडे फाईल असते?"

"असणारच की. मॅडम म्हटल्यावर फाईल असणार."

रुचिता गप्प झाली. वेणी घालताना एरवी ही पोरगी तीन वेळा पळायची, दोन वेळा किंचाळायची. आज कानामागची गाठ खसकन ओढली गेली तरी हूं की चूं नाही. आपलं सांगणं एकदाचं डोक्यात शिरलं, असं मृणालला वाटलं, आणि तिने घाईघाईने दुसरी वेणी घातली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. प्रियांका मॅडम म्हणजे सत्ताविशीतली चष्मेवाली मुलगी निघाली. लिफ्ट बंद, त्यामुळे चार जिने चढून तिला धाप लागली होती. बगलेत निळी फाईल होती. "जय भीम, बसा, आधी पाणी प्या," शालनबाई म्हणाल्या आणि पोह्यांच्या तयारीला आत गेल्या.

रुचिता दोन्ही हात मागे बांधून समोर उभी राहिली.

"नमस्ते मॅडम."

मृणालने चमकून तिच्याकडे पाहिलं. हा आवाज तिने या घरात कधी ऐकला नव्हता.

"बस ना. काय नाव तुझं?"

"रुचिता, मॅडम."

"शाळा आवडते?"

"हो मॅडम."

"आणि आई ओरडते का कधी?"

"नाही मॅडम."

पहिल्या दोन उत्तरांना मृणालचा जीव भांड्यात पडला होता. तिसऱ्याला तो पुन्हा वर आला. फ्रिजशी बोलणारी, वॉचमनला अडवून गप्पा मारणारी ही पोरगी परीक्षेला बसल्यासारखी सतरंजीच्या टोकावर टेकली होती. प्रियांकाचं पेन थांबलं.

"नेहमीच इतकी शांत असते?"

"छे हो!" मृणालचा आवाज नको तेवढा मोठा निघाला. "तोंडाचा पट्टा बंद म्हणून नसतो हिच्या. आजच काय झालंय..."

"हं," प्रियांका म्हणाली, आणि तिने काहीतरी लिहिलं.

मृणालने मान उंचावून कागद वाचायचा प्रयत्न केला. दाबून ठेवलेलं पोर दिसतंय, असंच लिहिलं असणार. काय बोलू नको ते पढवण्यात तीन दिवस घालवले, आणि आता एक शब्द बाहेर पडावा म्हणून जीव तुटायला लागला. बोल गं बाई, ती मनातल्या मनात विनवत होती. पातेल्याचं बोल, शिवीचं बोल, काहीही बोल.

शालनबाई पोहे घेऊन आल्या. रुचिताने बशीला हात लावला नाही. ती प्रियांकाकडे निरखून बघत होती.

"मॅडम, तुमच्या घरी लिफ्ट आहे?"

"आहे की."

"चालते?"

प्रियांका हसली. "कधी कधी."

"आणि आज्जी?"

"आज्जी नाही. सासूबाई आहेत माझ्या."

"त्या ओरडतात?"

"थोड्या थोड्या," आवाज बारीक करून प्रियांका म्हणाली. शालनबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मृणालही हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. आली, तिची पोरगी आली परत.

"मी साय असलेलं दूध पीत नाही," रुचिताने सांगितलं. "साय काढली की पिते. मला भिंतीकडे झोपायला लागतं. आणि बाथरूमला जाताना कुणीतरी दाराबाहेर गाणं म्हणायला लागतं. तुम्हाला येतं गाणं?"

"बेसूर येतं."

"चालेल," रुचिता म्हणाली.

प्रियांकाने हसत फाईल मिटली. मृणालला दोन चार प्रश्न झाले, घर बघून झालं, दोन सह्या झाल्या. काळजी करू नका, सगळं छान आहे, असं ती म्हणाली. मृणालच्या छातीवरचा दगड उतरला. प्रियांका दाराशी चप्पल घालायला वाकली, तेवढ्यात रुचिता आतल्या खोलीतून आली. तिच्या हातात मेडिकलच्या दुकानातली पिशवी होती. त्यात टूथब्रश, एक गाऊन, दोन चड्ड्या आणि टीव्हीचा रिमोट. पायात सँडल होते, उलटसुलट घातलेले. तिने प्रियांकाचं एक बोट धरलं.

"चला."

कुणालाच काही कळेना. शालनबाई हसायला गेल्या आणि थांबल्या.

"कुठं निघालीस?" मृणालने विचारलं.

"मॅडमकडे."

"तुला कोण बोललं, मॅडमकडे जायचं?"

"तू तयार केलंस ना," रुचिता म्हणाली. यात न कळण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता. "मोठ्या घरी सोनूला पण असंच केलेलं. नवीन फ्रॉक, दोन वेण्या. मग फाईलवाल्या मॅडम आल्या. मग सोनू गेली. मी पण तशीच आलेले तुझ्याकडे."

मोठं घर म्हणजे संस्था. मृणालला तो दिवस आठवला. गुलाबी फ्रॉक, करकचून घातलेल्या दोन वेण्या, पावडरीने पांढरा झालेला गळा. किती नीटनेटकी ठेवलीय हो पोरगी, असं ती तेव्हा महेंद्रला कौतुकाने म्हणाली होती. पातेल्याचं रुचिताने मनाला लावूनच घेतलं नव्हतं. आणि आज सकाळी तास दीड तास खपून मृणालने तिला आपल्या हाताने निरोपाला सजवलं होतं. पोरगी ओरडली नाही, रडली नाही. पुढच्या घरी लिफ्ट आहे का, एवढी चौकशी तेवढी केली.

"तू रडू नको," रुचिता म्हणाली. "सोनूला सांभाळणाऱ्या ताई रडलेल्या, तर मोठ्या मॅडम ओरडल्या त्यांना."

फाईल, रकाना, रिपोर्ट, सगळं मृणालच्या डोक्यातून पुसलं गेलं. ती दारातच खाली बसली. तिला रुचिताला ओढून कुशीत घ्यायचं होतं, पण तिच्या मुठीत अजून दुसरीचं बोट होतं. प्रियांका हळूच गुडघ्यावर बसली.

"मी तुला न्यायला नाही आले गं. तू कशी आहेस ते बघायला आले."

"मग बघितलं?"

"बघितलं."

रुचिताने आईकडे पाहिलं, मग मॅडमकडे. आणि जे विचारायला नको होतं तेच मृणालच्या तोंडून गेलं.

"तुला जायचंय का, रुची?"

रुचिता विचारात पडली. खरोखरच पडली, आणि तेवढ्या वेळात मृणालचं सगळं आयुष्य टांगणीला लागलं.

"आज नको," शेवटी ती म्हणाली. "आज आज्जी बोंबील करणारे."

"आणि उद्या?" शालनबाईंनी विचारलं.

"उद्या पप्पाला सुट्टी आहे ना."

"मग परवा जा."

"परवा शाळा!"

"मग जाणार तरी कधी गं बये?"

रुचिताने मोठा सुस्कारा सोडला. या घरातल्या माणसांना एक गोष्ट दहा वेळा सांगावी लागते. "मला वेळच नाही आज्जी," ती म्हणाली, आणि तिने मॅडमचं बोट सोडलं.

प्रियांकाने चष्मा काढून ओढणीने पुसला. मग तिथेच उंबऱ्याशी बसून फाईल उघडली. "हे लिहू का मी?"

"मोठ्या अक्षरात लिहा," शालनबाई म्हणाल्या.

मृणालने पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण रुचिताने ती पोटाशी धरली. प्रियांकाने मान हलवून, राहू दे, अशी खूण केली. मग ती गेली. रुचिता दारात उभी राहून जिन्यातली पावलं ऐकत होती. चौथा, तिसरा, दुसरा. खालचं गेट वाजलं.

"गेल्या?"

"गेल्या."

"पक्का?"

"पक्का."

तरी ती अजून थोडा वेळ थांबली. मग तिने सँडल काढले, रिमोट आज्जीच्या हातात दिला आणि पिशवी घेऊन बाथरूमकडे निघाली. मृणाल तिच्यामागे गेली. बेसिनवरच्या मगमध्ये मोठ्यांचे तीन ब्रश दाटीवाटीने उभे होते; रुचिताचा आजवर वेगळा, खिडकीतल्या ग्लासात असायचा. रुचिताने टाचा उंचावून आपला ब्रश त्यात घालून पाहिला. तो आत जाईना.

"आई," ती म्हणाली, "तू जरा सरक ना."

मृणालने आपला ब्रश बाजूला केला.