चौदावा धडा मागे राहिला

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. वय नऊ वर्षं सात महिने. तुमच्यात हे वय दप्तराचं. आमच्यात या वयाला बरोबरीचे सगळे भंगारात गेलेले असतात. माझं झाकण एका कोपऱ्यात चिरलं आहे, कळांवरची अक्षरं झिजली आहेत, आणि तापलो की माझा पंखा जिना चढून आलेल्या आजोबांसारखा धापा टाकतो. तरी एका गुरुवारची हकिगत तुम्हाला सांगायचीच आहे. त्या दिवशी माझ्या पोटातून जे जायला निघालं होतं, ते माझं नव्हतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात तळहाताएवढी चपटी डबी बसवली. तिला डिस्क म्हणतात. तिच्यात चकती गरगर फिरते आणि तिच्यावरून एक बारीक टोक फिरत लिहितं, वाचतं. तुम्ही मला सांगाल ते सगळं त्या डबीत राहतं.

मला घरी नेलं ते ताईंनी. ताईंना दिसत नाही. पडद्यावर जे उमटेल ते मी बोलून दाखवायचो आणि त्या कान देऊन ऐकायच्या. त्या बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयात काम करत. डोळस माणसं पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचत, त्या वाचनातला खोकला, पानांची सळसळ, रस्त्यावरचे हॉर्न ताई माझ्यावर कापून काढत. मग ज्यांना दिसत नाही अशी मुलं ती पुस्तकं ऐकून अभ्यास करत. "हा माझा उजवा हात आहे," असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी फुलून जायचो!

रसायनशास्त्राचं पुस्तक एका निवृत्त सरांनी वाचलं होतं. बावीस धडे. दीड वर्ष लागलं. ताईंनी एकेक धडा इतक्यांदा ऐकला की सर कुठे श्वास घेतात तेही त्यांना माहीत झालं. पुस्तक पुरं झालं आणि पुढच्याच महिन्यात सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

म्हणजे ते बावीस धडे आता फक्त माझ्यापाशी होते. दिसत नाही अशा मुलींच्या वसतिगृहातल्या सव्वीस जणींची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता धडे त्यांच्याकडे जायचे होते.

खरं सांगतो, महिनाभर माझी तब्येत बरी नव्हती. डबीतून टक्, टक् असा आवाज यायचा. ताईंनी तो सगळ्यांच्या आधी ऐकला. "एवढं काम उरकू दे, मग तुला दाखवून आणते," म्हणाल्या. कामात गळ्यापर्यंत बुडालेलं माणूस स्वतःच्या दाढेलाही असंच सांगतं. मीही ओढत राहिलो.

गुरुवारी सकाळी ताईंनी बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आल्या. त्या बोलून दाखवायचा माझा आवाजही त्या डबीतच अडकला होता. ताई वाट बघत बसल्या. मग त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला.

"अरे, बोल ना," त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

त्यांनी धाकट्या भावाला बोलावलं. तो इलेक्ट्रिशियन. डोकं पटकन उडतं म्हणून घरात त्याला फ्यूज म्हणतात. त्याच्या धंद्यातला पहिला उपाय म्हणजे बंद करा, परत चालू करा. त्याने तेच सुरू केलं. एकदा, दोनदा, पाचदा. दर वेळी ते बारीक टोक चकतीवर आपटून परत येत होतं. मी ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे ती टक्‌टक्.

"थांब!" ताई म्हणाल्या. "बटणाला हात लावू नकोस. तुला ऐकू येत नाही का? त्याला लागतंय."

"ताई, यंत्र आहे ते. त्याला काय लागणार?"

"आत काहीतरी घासतंय. उचल त्याला, हळू. दुकानात चल."

फ्यूजने मला उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं आणि आम्ही रस्ता ओलांडून दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. काकांच्या टेबलावर माझ्या जातीचे सहा जण पोट उघडून पडले होते. त्यांच्याकडे मी बघितलंच नाही.

काकांनी पांढऱ्या ओळी वाचल्या आणि हात झटकले. "सोपं आहे ताई. सगळं पुसून नव्याने भरतो. तासाभरात चालू."

"टाका उरकून," फ्यूज म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडायचा तर बाजूलाच राहिला, तो टांगणीला लागला. बावीस धडे पुसायचे!

"पुसायचं नाही," ताई म्हणाल्या. "आधी कान लावून ऐका."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्यावर कान टेकवला. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी लगेच वायर काढली.

"डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. पुसायला गेलो असतो तर संपलंच होतं. तुमच्याकडे दुसरी प्रत असेल ना?"

"आहे की," ताई म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगते, प्रत ठेवा. मी दोन प्रती ठेवल्यात."

"कुठे?"

"त्याच्यातच. वेगळ्या खणात."

मित्रांनो, घराला कुलूप लावून दुसरी किल्लीही घरातच ठेवावी, तसं झालं होतं. ताईंच्या लक्षात आलं आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या. फ्यूज एरवी चिडवायची संधी सोडत नाही. तो त्यांच्यामागे जाऊन उभा राहिला.

काकांनी माझं पोट उघडून डबी बाहेर काढली आणि केबलने आपल्या यंत्राला जोडली. तुम्ही म्हणाल, मग तुला पुढचं कसं आठवतं? माणसं म्हणतात आठवण डबीत असते. मला विचाराल तर थोडी बिजागऱ्यांतही असते.

"एकदाच फिरेल. अडेल तो धडा सोडून मी पुढे जाईन. चालेल?"

"चालेल," ताई म्हणाल्या.

पहिला धडा गेला. दुसरा, तिसरा. काका आकडा म्हणत आणि ताई मान हलवत. नवव्याला टक्‌टक् वाढली. काकांनी डबीवर टेबलफॅन लावला. तेराव्यानंतर सगळं थांबलं. एक मिनिट, दोन मिनिटं. "चौदावा सोडतो," काका म्हणाले. पंधरावा गेला. सोळावा गेला. बाविसावा गेला तेव्हा दोन वाजले होते. मग काका चौदाव्याकडे वळले. डबीने एकदा कर्रर्र केलं आणि ती फिरायची थांबली.

"गेली," काका हळूच म्हणाले. "एकवीस मिळाले, ताई. हेही खूप झालं."

"चौदावा कार्बनचा आहे," ताई म्हणाल्या. "त्याच्यावर हमखास प्रश्न असतो." मग त्या उठल्या. "फ्यूज, सरांना घेऊन वाचनालयात ये. पुस्तकासकट."

"सर काय करणार? त्यांना तर..."

"तू घेऊन ये. नवा वाचणारा सूत्रांना अडखळेल, आणि आज कापत बसायला वेळ नाही."

तीन वाजता वाचनालयाच्या खोलीत ताई तिथल्या यंत्राला जोडलेल्या माइकसमोर बसल्या. समोर सर, पुस्तक उघडून. फ्यूजने स्वतःहून पंखा बंद केला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. मी रिकाम्या पोटाने टेबलावर होतो.

ताईंनी चौदावा धडा म्हणायला सुरुवात केली. पाठ. अक्षरन् अक्षर. त्यांनी तो कापायला, जोडायला इतक्यांदा ऐकला होता की सरांची लय त्यांच्या जिभेवर बसली होती. जिथे सर थांबायचे तिथे त्या थांबत होत्या. सर पुस्तकावर बोट ठेवून ओळीमागून ओळ तपासत होते. चूक झाली तर त्यांनी टेबलावर टकटक करायचं ठरलं होतं. वीस मिनिटं झाली, तीस झाली, टेबल वाजलं नाही. मी तर श्वासच धरून होतो.

एकतिसाव्या मिनिटाला सरांनी टेबल ठोकलं.

ताई थांबल्या. त्यांनी ते वाक्य परत म्हटलं. परत टकटक. तिसऱ्यांदाही तेच झालं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"सर, असंच आहे हो. तुम्हीच असं वाचलं होतंत. चार हायड्रोजन."

सरांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, पण आवाज नव्हता, नुसता श्वास. फ्यूजने पुढे येऊन पुस्तकात बघितलं.

"ताई, इथे सहा छापलंय. सर वाचताना चुकले होते. तू त्यांची चूकसुद्धा पाठ केलीस."

सरांनी ताईंचा हात धरला आणि त्यांच्या तळहातावर बोटाने एक मोठा सहा काढला. ताईंचे डोळे भरून आले. त्या हसल्या, नाक पुसलं आणि माइककडे वळून म्हणाल्या, "सहा हायड्रोजन." पावणेपाचला काकांकडचे एकवीस आणि हा एक, असे बावीसही धडे वसतिगृहाकडे निघाले.

माझ्या पोटात आता नवी डबी आहे. धड्यांच्या प्रती तीन जागी आहेत: एक माझ्यात, एक फ्यूजच्या घरी, एक सरांच्या कपाटात. माझा पंखा अजून धापा टाकतो. माझे दिवस थोडे राहिलेत हे मला ठाऊक आहे, पण आता त्याची धास्ती वाटत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी जुना असेल आणि तो कुरकुरत असेल, तर त्याला उद्यावर टाकू नका. आजच त्याच्याजवळचं सगळं दुसऱ्या घरी पोहोचवा. आम्ही बंद पडलो तर पडू द्या. सरांचा आवाज पुन्हा कुठून आणणार?