तात्यारावांच्या ओट्यासमोरचा हॉर्न

दिनकररावांनी गाडी तात्यारावांच्या ओट्यापाशी डावीकडे वळवली आणि हॉर्न वाजला.

तात्याराव ओट्यावर बसून दाढी करत होते. एका गालावर फेस, दुसरा गाल झालेला. हॉर्न ऐकून त्यांनी हातातला आरसा खाली केला आणि गाडीकडे पाहिलं. गाडी वळून सरळ झाली तसा हॉर्न थांबला.

“अहो, हॉर्न कामून वाजवला?” शेजारच्या सीटवरून कस्तुराबाईंनी विचारलं.

“मी न्हाई वाजवला.”

“मग कुणी वाजवला?”

“गाडीनं.”

कस्तुराबाईंनी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात स्टेअरिंगच्या दोन कडांना, लायसन्सच्या परीक्षेला धरतात तसे.

“गाडीला दादांशी बोलायचं असंल,” त्या म्हणाल्या आणि मांडीवरची मेथी निवडू लागल्या.

बोलायचं असेल तर ते एकट्या गाडीलाच शक्य होतं. दिनकरराव आणि त्यांचे थोरले भाऊ तात्याराव यांच्यात तात्यारावांच्या मुलीच्या लग्नापासून अबोला होता. लग्नाच्या पत्रिकेत सख्ख्या चुलत्याचं नाव ‘आपले विनीत’मध्ये यायला हवं होतं. ते आलं ‘स्नेहांकित’मध्ये, खतवाल्याच्या खाली आणि बँडवाल्याच्या वर. तात्याराव म्हणाले, प्रेसवाल्यानं घोळ केला. दिनकरराव म्हणाले, मी भाऊ आहे हे प्रेसवाल्याला कसं माहीत असणार, ते तुम्हाला माहीत पाहिजे. हे दोघांचं शेवटचं संभाषण. त्यानंतर मुलीची दोन मुलं शाळेत जाऊ लागली, तरी दोघांपैकी कुणी पुढचं वाक्य बोललं नाही. जो आधी बोलेल तो हरला, हे झरी गावात सगळ्यांना मान्य होतं.

अबोला मात्र फक्त पुरुषांचा होता. कस्तुराबाई आणि त्यांची जाऊ चांगुणाबाई रोज एकमेकींकडे कालवणाच्या वाट्या पाठवत, आणि वाट्यांबरोबर निरोपही. दुसऱ्या दिवशी वाटीभर आमटी आली आणि तिच्यामागून चांगुणाबाई.

“भाऊजी हॉर्न वाजवून जायलेत म्हणं. ह्यांना इचारायचंय, काय म्हणणं हाय?”

“काही म्हणणं न्हाई. फॉल्ट हाय,” दिनकरराव पेपराआडून म्हणाले. “सांगा त्यांना.”

“कुणात फॉल्ट हाय म्हणून सांगू?”

“गाडीत!”

दिनकरराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. घोळ कुणी घातला हे कळेपर्यंत त्यांना जेवण जात नसे. ते गाडी घेऊन बजरंगकडे गेले.

बजरंगचं दुकान स्टँडच्या मागे. ट्रॅक्टरपासून पिठाच्या गिरणीपर्यंत जिथं वायर असेल तिथं तो हात घाली. जोड दिल्यावर चिकटपट्टीचं टोक तो कधीच दाबत नसे. ते मिशीसारखं लोंबत राही, आणि त्यावरून काम बजरंगचं हे पंचक्रोशीत कुणीही ओळखे. त्यानं गाडीच्या बॉनेटखाली आणि मग डॅशबोर्डखाली डोकं घातलं, बराच वेळ गुणगुणला आणि बाहेर येऊन म्हणाला, “झालं बघा काका.”

झालं होतं ते असं, की हॉर्न पूर्वीसारखाच डावीकडे वाजत होता आणि आता रिव्हर्स टाकला की वायपर फिरत होते.

मग परभणीचं एक गॅरेज झालं. तिथल्या माणसानं बॉनेट उघडून आधी बजरंगच्या मिशा पाहिल्या.

“हे कुणी केलंय?” त्यानं सुतकी आवाजात विचारलं.

त्यानं मिशा कापल्या, वायपर जागेवर आणले, आणि दोष हॉर्नमध्येच आहे असं ठरवून हॉर्न बदलला. नवा हॉर्न दोन सुरांचा होता. आता ओट्यापाशी डावीकडे वळलं, की गाडी जुन्यापेक्षा दुप्पट आदरानं वाजायची.

या सगळ्या काळात ओट्यावर काहीतरी घडत होतं.

पहिले काही दिवस तात्याराव नुसते बघत. मग ते हॉर्न वाजायच्या आधीच रस्त्याकडे बघू लागले. मग एका सकाळी त्यांचा हात गुडघ्यावरून किंचित उचलला गेला. डास हाकलला असं म्हणायला जागा होती, पण डासाला कुणी तळवा दाखवत नाही. दोन सुरांचा हॉर्न वाजला त्या दिवशी तर ते उठून उभे राहिले. अंगात इस्त्रीचा सदरा होता.

दिनकररावांनी उलट हात केला नाही. अबोला होता. पण त्यांनी मान खाली घातली, आणि ती गरजेपेक्षा जरा जास्त खाली गेली.

त्यानंतर दिनकररावांना रोज सकाळी बाहेर कामं निघू लागली. एकदा ते टाचण्या आणायला गेले.

“घरात डबाभर टाचण्या हायेत,” कस्तुराबाई म्हणाल्या.

“त्या जुन्या हायेत.”

येताना ते वळण उजवं पडायचं, त्यामुळे गाडी गप्प यायची. दिनकररावांना परतीचा रस्ता उगाच लांब वाटू लागला होता.

तरी फॉल्ट तो फॉल्टच. जिंतूरला साडूकडे वास्तुशांतीला गेले, तिथं सगळेच म्हणाले, इथल्या महारुद्र मेकॅनिकला दाखवा. महारुद्रनं बॉनेट उघडलंच नाही. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, खालचं झाकण काढलं आणि बोट आत घातलं.

“हॉर्नची वायर सोललीय. डावीकडं वळवलं की लोखंडाला टेकायलीय. तुमी बटण दाबलं काय आन् ती टेकली काय, हॉर्नला एकच.”

त्यानं नवी वायर टाकली, तिच्यावर जाड नळी चढवली आणि ती बांधून टाकली. “आता ही गाडी भंगारात जाईल, पण हा हॉर्न आपोआप वाजणार न्हाई,” तो म्हणाला.

दिनकररावांनी त्याचे आभार मानले. वाटेत प्रत्येक डाव्या वळणाला गाडी शांत राहिली आणि प्रत्येक वळणाला त्यांनी कस्तुराबाईंकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. झरी जवळ आली तसं ते पाहणं कमी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याराव इस्त्रीच्या सदऱ्यात ओट्यावर होते. गाडी आली. तात्यारावांचा हात वर गेला. गाडी वळली आणि निघून गेली.

आरशात दिनकररावांना दिसलं, की हात तसाच वर राहिला आहे. मग त्या हातानं ओट्यावरच्या लिंबाची एक डहाळी धरली आणि ती नीट तपासली. जणू उठण्याचं कारण डहाळीच होती.

पुढच्या सकाळी ओट्यावर कुणी नव्हतं. दुपारी चांगुणाबाई आल्या. वाटी रिकामीच होती.

“ह्यांनी सकाळपासून च्या घेतला न्हाई. म्हणायलेत, आता मी काय केलं?”

“त्यांनी काही केलं न्हाई,” दिनकरराव म्हणाले. “रिपेर झाली गाडी.”

“आसं व्हय,” चांगुणाबाई म्हणाल्या. जे रिपेर झालं त्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

दिनकररावांनी गाडी काढली. ओट्यासमोरून ती गुपचूप वळवली आणि तडक बजरंगच्या दुकानात नेली.

“बजरंग, हिच्यात एक फॉल्ट टाकायचाय.”

बजरंगनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “काका, मी आसली कामं करत न्हाई.”

“आजवर न सांगता केलीस. आता सांगतोय तर इमान आठवलं?”

“पण कोणता फॉल्ट?”

“तोच. डावीकडं वळलं की हॉर्न.”

“आवो, मग बटण हाय की! तिथं आलं की दाबायचं.”

दिनकररावांनी बजरंगकडे, मग स्टेअरिंगवरच्या बटणाकडे पाहिलं. बटणावर हॉर्नचं छोटं चित्र होतं.

“बटण दाबलं तर मी बोललो असं होतं.”

“मग आतापर्यंत कोण बोलायलं होतं?”

“वायर.”

बजरंग गंभीर झाला. मामला आता त्याच्या लक्षात आला होता. तो कुणाचं लग्न जुळवायला घेतल्यासारखा बाह्या सरसावून डॅशबोर्डखाली शिरला. दोन तास तो आत होता. त्यानं वायरी ओढल्या, जोडल्या, सोडल्या, मिशा चिकटवल्या. बाहेर आला तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. गाडी उत्तम चालत होती. आयुष्यात पहिल्यांदाच बजरंगच्या हातून काही बिघडलं नव्हतं.

“त्या महारुद्रनं लय वाईट काम केलंय काका. कुठूनच शिरता येईना.”

दिनकरराव परत आले. ओटा रिकामाच होता. त्यांनी एकदा अंगठा बटणावर नेला, पण वळण उजवं होतं, आणि उजव्या वळणावर हॉर्न वाजवून काही उपयोग नव्हता. त्यांनी अंगठा काढून घेतला.

दिवस कलायला आला होता. दिनकरराव अंगणात टाचण्यांचा नवा डबा उघडून जुन्या डब्यात ओतत बसले होते. फाटकाबाहेर हॉर्न वाजला.

लांब आणि बेसूर. म्हैस हंबरावी तसा.

कस्तुराबाई हातातलं लाटणं घेऊन दारात आल्या. फाटकाबाहेर तात्यारावांचा ट्रॅक्टर उभा होता. या ट्रॅक्टरला हॉर्न नव्हता, हे सगळ्या झरीला माहीत होतं. घेतल्यापासून नव्हता. समोर कुणी आलं की तात्याराव ओरडायचे, आणि ते पुरायचं.

तात्याराव वर बसले होते. इस्त्रीचा सदरा घातला होता. ते दिनकररावांकडे न बघता ट्रॅक्टरच्या बॉनेटशी बोलले.

“हॉर्नमदी काहीतरी फॉल्ट आलाय. आपोआप वाजायलाय.”

दिनकरराव उठले. टाचण्यांचा डबा बाजूला ठेवला, हात धोतराला पुसले आणि फाटक उघडून ट्रॅक्टरजवळ गेले. ते वाकले. पुढच्या पत्र्यावर कोरा करकरीत हॉर्न बसवला होता. त्याच्यापासून निघालेली लाल वायर स्टेअरिंगपाशी एका नव्या बटणाला जोडलेली होती. जोडावर काळी चिकटपट्टी होती आणि तिचं टोक मिशीसारखं लोंबत होतं. ती अजून धुळीनंही मळली नव्हती.

दिनकररावांनी मान वर केली. तात्यारावांचा अंगठा अजून बटणावरच होता. त्यांनी तो घाईनं उचलून सदऱ्याच्या खिशात घातला.

“डावीकडं वळलं की वाजतो का?” दिनकररावांनी विचारलं.

“न्हाई,” तात्याराव म्हणाले. “तुझं फाटक आलं की वाजतो.”

दिनकररावांनी मान हलवली. कचेरीत अवघड प्रकरण आलं की ते अशीच मान हलवत.

“अवघड हाय, दादा. आसला फॉल्ट एका दिवसात सापडत न्हाई. रोज आणावा लागंल दाखवायला.”

“आणतो की,” तात्याराव म्हणाले आणि खाली उतरायला लागले. त्यांचा गुडघा धरला होता. दिनकररावांनी हात पुढे केला.

घरात कस्तुराबाईंनी चहाचं पाणी वाढवलं. बाहेर दिनकररावांनी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चिकटपट्टीचं ते लोंबणारं टोक जोडावर नीट दाबून बसवलं, म्हणजे कुठून वायर सुटायला नको.