तळ न सोडणारे मासे

"भिंगरे, अगं, घर डोक्यावर घेतलंस की!" आईचा तो खणखणीत आवाज अजून माझ्या कानांत आहे. तीच आई माणसं विसरायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी तिला स्मृतिभ्रंशावरची गोळी सुरू केली. आता ती दिवसभर कोपऱ्यात अंग चोरून बसते. वयच झालंय, असं सगळे म्हणतात.

प्रयोगशाळेत आम्ही तीच गोळी पाण्यात विरघळवून पट्टेरी झेब्रामाशांना देतो आणि ते कसे पोहतात ते पाहतो. नव्या टाकीत सोडलेला मासा आधी घाबरून तळाशी जातो, मग धीर करून वर येतो. गोळी दिलेले निम्मे मासे मात्र तळ सोडेनात.

"तळाशी बसणारे आजारी धरायचे आणि नोंदींतून वगळायचे, नेहमीसारखे," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले.

"दुष्परिणाम शोधायचा आणि ज्यांना झाला त्यांनाच वगळायचं? ही तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, सर!"

"एवढा पुळका? मावशी लागतेस का माशांची?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कित्येक दिवस गिळलेलं वाक्य बाहेर पडलं.

"सर, हीच गोळी माझी आई घेते, आणि तीही अशीच घाबरून बसते. तिला कुठे वगळू?"