गजाननराव मागच्या खोलीत

मी रजई बोलतेय. जयपुरी, दोघांच्या मापाची. सांगलीहून बदली होऊन आलेल्या गजाननराव आणि अलकाताईंनी पहिल्याच हिवाळ्यात मला जयपूरच्या आदर्श नगरमधल्या घरी आणलं. बँकेतून निवृत्त झाल्यावरही ती दोघं इथेच राहिली. थंडीत मला आपापल्या बाजूला ओढत भांडायची, आणि भांडता भांडता हसायची.

मग गजाननरावांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, म्हणून अलकाताईंनी पेढे वाटले.

ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी काढल्यावर मात्र साधी शिंक आली तरी लघवी सुटायची. एका सकाळी मी ओली झाले. अलकाताईंनी मला धुऊन गच्चीवर वाळत घातलं. गजाननराव कसेबसे जिना चढून आले.

"आत घे ती! लोक काय म्हणतील?"

"अहो, रजईच आहे."

त्या दिवसापासून ते मागच्या खोलीत झोपू लागले.

लाज एवढीच नव्हती. नवरा-बायकोतली जवळीकही आता त्यांना जमत नव्हती. एका दुपारी माझी घडी घालताना अलकाताईंनी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"माझ्यात आता काही उरलं नाही, अलका."

"मी काही मागितलंय का?"

ते मागच्या खोलीत निघून गेले.

दिवाळीला मुलगी वल्लरी आली. जयपुरात वाढलेली ती. आईकडून सगळं कळल्यावर तिने सरळच विचारलं, "बाबा, डॉक्टरला सांगितलं का हे?"

"ते विचारतात, और कोई तकलीफ? मी म्हणतो, सब ठीक."

"मतलब, इतके दिवस तुम्ही बोललाच नाहीत?"

ती त्यांना घेऊन गेली. डॉक्टरांनी ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम शिकवला. दुसऱ्या, जवळिकीच्या त्रासावरही औषधं होती. लवकर आला असतात तर बरं झालं असतं, म्हणाले. हळूहळू लघवी आटोक्यात आली.

एका संध्याकाळी गजाननराव उशी घेऊन दारात उभे राहिले.

अलकाताई माझ्यावरून हात फिरवत राहिल्या. "अहो, मला आता बाजूला कुणी असलं की झोपच लागत नाही."

"बरं," म्हणून ते परत गेले. त्यांना हाक मारायला अलकाताईंनी तोंड उघडलं होतं. हाक आली नाही.

आता त्या मला दुमडून पांघरतात.

तुमच्या घरी असं दुखणं येऊन गेलं असेल, तर मागे कोणता त्रास राहिलाय ते डॉक्टरांना सांगा, एकमेकांना सांगा. मी रजई, मला बोलता येत नव्हतं. त्यांना येत होतं.